पाखऱ्याचे पट्टे

माझा भाऊ भूपेंद्र मुलगी पाहायला गेला की आधी मुलीच्या बापाची गाडी पाहतो. आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं, आजकाल सगळेच पाहतात. पण लोक पाहतात ती गाडी केवढ्याची आणि कोणत्या सालची म्हणून. आमचे शहाणे दार उघडून सीटबेल्टचा पट्टा खसकन ओढतात, नखाने त्याची कड खरवडतात, आणि मग होणाऱ्या सासऱ्याकडे असे बघतात की त्या माणसाला आपल्या घरात चोरीचा माल सापडल्यासारखं वाटतं.

भंडाऱ्यात त्याचं दुकान आहे. गाड्यांची सीट कव्हरं शिवतो, पण सगळा जीव पट्ट्यांत. कड फुटलेला पट्टा दिसला की त्याला अन्न गोड लागत नाही. कुणी म्हणालं, "दोन टाके मारून दे ना," की तो चिडतो, कारण पट्टा शिवायचा नसतो, अख्खा बदलायचा असतो. गिऱ्हाईकावर चिडावं, मी नाही म्हणत नाही. पण करडी गावच्या पाहुण्यांवर? तिथं मुलीच्या वडिलांची जीप पाहून हा सरळ म्हणाला, "हा पट्टा नाही जी, पायजम्याची नाडी आहे." आम्ही चहासुद्धा न घेता परत आलो. ते सहावं स्थळ होतं.

गावी राहणाऱ्या आईचे गुडघे बसले, तेव्हापासून याच्या लग्नाचं लोढणं माझ्याच गळ्यात आलं आहे. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. याला बत्तीस पूर्ण झालेली. सरकारी नोकरी नाही म्हणून तीन घरांनी आधीच नाक मुरडलं, उरलेली तीन त्याने स्वतः आपल्या तोंडाने घालवली. आईने तर अलीकडे फोनवर "काय झालं?" विचारणंच सोडलं होतं. ती नुसतं "पोहोचले का घरी?" म्हणायची, आणि मला तेच जास्त लागायचं.

म्हणून दिवाळी झाल्यावर वासुदेवमामांनी सानगडीचं स्थळ आणलं, तेव्हा मी ठरवलं की हे काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही. मुलगी तृप्ती. साकोलीला लॅबमध्ये रक्त तपासते, वडिलांची गाडी स्वतः चालवत रोज जाते-येते. वडील गोमाजी, धानाचे चांगले शेतकरी, एके काळी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाव काढलेले. तिला बोलका मुलगा नको, कामाचा हवा, असं तिने स्वतःच मामांना सांगितलं होतं. मी म्हटलं, आमचा बोलका नाहीच, फक्त त्याला पट्ट्यापासून लांब ठेवलं की झालं.

बोलावलं होतं मंडईच्या दिवशी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुण्यांची गर्दी. निम्म्या झाडीपट्टीची लग्नं मंडईतच जुळतात. गर्दीत कोण कुणाला पाहायला आलं ते कळत नाही, जमलं तर जमलं, नाही तर आपण मंडईला आलो होतो असं म्हणून झाकली मूठ घेऊन परत जाता येतं.

निघताना मी भूपेंद्रला देवापुढे उभं केलं. "आईची शपथ घे. त्यांच्या गाडीले हात लावणार नाही."

"ताई, मी कायले लावू?"

"घे म्हणते ना!"

त्याने घेतली. मी त्याला नवा आभाळी शर्ट घालायला लावला, केस स्वतः विंचरून दिले. आमच्याच गाडीच्या डिकीत माझी साड्यांची पिशवी ठेवायला गेले तर हा धावत आला आणि पिशवी माझ्या हातून घेऊन मागच्या सीटवर ठेवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गोमाजींच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मी भूपेंद्रचा दंड धरला. अंगणाच्या मधोमध, तुळशीपेक्षाही मोक्याच्या जागी, त्यांची पांढरी गाडी उभी होती. बारा-तेरा वर्षांची जुनी, पण घासूनपुसून लख्ख. पुढे झेंडूची माळ, चारी चाकांना हळदीकुंकू, आणि काचेवर लाल अक्षरांत नाव, 'पाखऱ्या'.

"पाखऱ्या माह्या बैलाचं नाव," गोमाजींनी बसायच्या आत सांगून टाकलं. "पटात सात गावं जितला होता तो. म्हातारा होऊन गेला, त्याच वर्षी हे गाडी घेतली. मंग नाव दुसरं कायले ठेवू?" गोमाजी साठीचे, सडसडीत, पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारणाऱ्याचा. बायको सुलोचनाबाई मात्र हळू बोलणाऱ्या आणि सतत हसणाऱ्या.

अंगणात तीसेक पाहुणे होते. मी भूपेंद्रला मुद्दाम गाडीकडे पाठ करून बसवलं. समोरच्या भिंतीवर भला मोठा आरसा टांगलेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तृप्ती तर्रीपोह्यांचा ट्रे घेऊन आली. उंच, सावळी, चालण्यात घाई. तिने भूपेंद्रपुढे प्लेट धरली, त्याने वर पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. मी त्याला बत्तीस वर्षं ओळखते, कान लाल होताना पहिल्यांदा पाहिले. सहा घरांत एवढंसं काही झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तर्रीचा अख्खा चमचा एकदम गिळला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत बसले.

"काही विचारायचं असन तं विचारा जी," गोमाजी म्हणाले. "आजकाल पोट्टे-पोट्टी बोलल्याशिवाय होत नाही."

भूपेंद्रने प्लेट खाली ठेवली. मी मनात म्हटलं, विचार रे बाळा, स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, सिनेमा कोणता आवडतो, काहीही विचार.

"गाडीचा पट्टा," भूपेंद्र आरशात पाहत म्हणाला, "दारात अडकते का?"

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तृप्तीचा आवाज ऐकला. "रोज!"

डोळे उघडून पाहते तर ती चक्क खाली बसली होती, त्याच्या समोर. "रोज अडकते जी. सोडला का आत जातच नाही. लोंबतच राहते. मी बाबाले दोन वर्षांपासून सांगून राहिली."

"चिकट लागते?"

"लय!"

"तेल लागलं आहे त्याले," भूपेंद्र म्हणाला. मुलगी पाहायला आलेल्या मुलाने मुलीशी बोलावं तशा हळुवार आवाजात म्हणाला, हे विशेष.

"लागलं काहून म्हंता? लावलं आहे!" गोमाजींची छाती फुगली. "घाण्याचं जवसाचं तेल आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः पाखऱ्याची खांदशेकणी करतो."

खांदशेकणी म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला कोमट तेल-हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात, आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उद्याचा पोळा, उद्या तू घरचा मानकरी. गोमाजींचा बैल गेला, पण रीत कशी मोडायची? गाडीला खांदे नसतात. पण माणसाच्या खांद्यावर येतो तो पट्टा असतो. मग दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी हा माणूस गाडीचे सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढून काढायचा, पळसाच्या पानाने त्यांना कोमट तेल चोपडायचा आणि गाडीला आवतण द्यायचा. बारा वर्षं. घरातलं कुणी गाडीत बसलं तर त्याच्या खांद्यावरचं जुपणं मऊ राहावं, टोचू नये, म्हणून.

खरं सांगते, मला ते ऐकून गहिवरून आलं. भूपेंद्रला घाम आला.

"बाबाजी," तो म्हणाला, "जवसाचं तेल वाळलं का गोंद होते. त्यात धानाचा कोंडा बसला असन. पट्टा गुंडाळाच्या आतल्या चकरीची खीळ जाम झाली आहे. हा पट्टा वेळेवर दगा देईन."

अंगणात कुणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं. वासुदेवमामा उगाच टोपी झटकू लागले.

"दगा?" गोमाजी उभे राहिले. "पाखऱ्या दगा देईन? माह्या घरी येऊन, माहे पोहे खाऊन, माह्या पाखऱ्याले नाव ठेवता? ए इश्वर, तुहा बैल आण रे! या पट्ट्यानं बैल धरून दाखवतो मी!"

"तशी तपासणी नाही होत जी," भूपेंद्र म्हणत होता, पण ऐकतो कोण. मंडईचा दिवस, तीस रिकामे पाहुणे आणि फुकटचा शंकरपट. शेजारच्या इश्वरने आपला तांबडा बैल आणला. गाडीचं दार उघडून पुढच्या सीटचा पट्टा बाहेर काढला, त्याच्या कडीला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक बैलाच्या जुवाला. गाडीचा हँडब्रेक ओढला. कुणीतरी शिट्टी मारली. इश्वरने बैलाची शेपटी पिरगाळली.

बैल उसळला. पट्टा सर्रर्र करत शेवटपर्यंत बाहेर आला, दोर ताठ झाला, आणि एक क्षण काहीच झालं नाही. मग गाडी हलली. माळ, हळदीकुंकू, उघडं दार, हँडब्रेक, सगळ्यांसकट पाखऱ्या अंगणातून कुरकुरत निघाला आणि तुळशीच्या अलीकडे चार हातांवर जाऊन थांबला. पट्टा तुटला नाही. एक धागा तुटला नाही. अंगणात अशी आरोळी उठली की मंडईतले लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. गोमाजींना दोघांनी खांद्यावर घेतलं.

मी पिशवी उचलली. सातवं स्थळ. आईला काय सांगू याची वाक्यं मनात जुळवू लागले, आणि रडू यायला लागलं, कारण ते लाल कान मला राहूनराहून आठवत होते. एवढ्यात भूपेंद्र त्या गोंधळात कुणाला तरी समजावत असल्यासारखा बोलताना ऐकू आला. "तुटला नाही हे खरं. पण धरलं कुठं त्यानं? बैलानं झटका देल्ला तवाच अडकाले पाहिजे होता. सर्रकन शेवटपर्यंत आला. माणूस काचेवर जाईपर्यंत येतच राहीन."

ऐकणारी एकटी तृप्ती होती. तिने ओढणी कमरेला बांधली.

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज बापाचाच निघाला, साऱ्या अंगणाने ऐकला. "खाली उतरा. गाडीत बसा. मी चालवतो."

"कायले?"

"तुमचा पाखऱ्यावर भरवसा आहे ना? मंग बसा. हातात पोह्याची प्लेट घ्या. मागच्या खळ्यात गाडी नेतो, विसाच्या वेगानं, अन् ब्रेक मारतो. पट्ट्यानं धरलं तं तुम्ही खरे. नाही धरलं तं नवीन पट्टे लावाचे."

"एक दाणा सांडणार नाही पोह्याचा!" गोमाजी गरजले.

"समोर उशी बांधा," भूपेंद्र कासावीस होऊन म्हणाला. "जाडी उशी! अन् वीसच, जास्ती नाही!" सुलोचनाबाईंनी पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली, 'सुस्वागतम्' विणलेली उशी आणली आणि डॅशबोर्डवर नवऱ्याच्या समोर दोन साड्यांनी करकचून बांधली. बांधताना त्या इतक्या हसत होत्या की गाठ तीनदा सुटली.

घरामागचं खळं धान उचलल्यामुळे मोकळं होतं. सगळं अंगण तिकडे लोटलं. पाखऱ्या आला. पुढे तृप्ती, आपला पट्टा तिने दंडाला पीळ देऊन घट्ट धरलेला. बाजूला गोमाजी, पट्टा लावून, टोपी घालून, हातात गरम तर्रीपोहे, चेहऱ्यावर विजय. आमच्यासमोर येताच तृप्तीने ब्रेक मारला.

पट्टा सर्रर्र बाहेर आला. गोमाजीही त्याच्या मागोमाग बाहेर आले. प्लेट, पोहे, तर्री आणि गोमाजी, या क्रमाने सगळे 'सुस्वागतम्'वर जाऊन पोहोचले. टोपी खिडकीतून उडून इश्वरच्या पायाशी पडली.

मग गोमाजींनी उशीतून तोंड वर काढलं. मिशीत पोहे, भुवईत कोथिंबीर, शुभ्र धोतरावर तर्रीचा लाल ओघळ. पहिल्यांदा हसल्या सुलोचनाबाई. मग जे हसू फुटलं त्याला काही धरबंध राहिला नाही. वासुदेवमामा हसताहसता खळ्यात बसले. मी इश्वरच्या बायकोच्या गळ्यात पडून हसले, तिची माझी ओळखही नव्हती.

एकटी तृप्ती हसत नव्हती. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "बाबा," ती म्हणाली, "मी रोज याच पट्ट्यावर साकोलीले जाऊन राहिली."

गोमाजींनी मुलीकडे पाहिलं. मग हातातल्या लोंबत्या पट्ट्याकडे पाहिलं. तिच्यासाठीच तर तेल लावत होतो, तिलाच टोचू नये म्हणून, हे त्यांना बोलायचं असावं. पण त्यांनी पट्ट्याची कडी सोडली. भुवईतली कोथिंबीर काढली, गाडीतून उतरले आणि भूपेंद्रसमोर येऊन हात जोडले. "सांगा जी. काय कराचं?"

"नवीन पट्टे," भूपेंद्र म्हणाला. "आहेत माह्याजवळ."

"कुठं?" मी विचारलं.

त्याने माझी नजर चुकवली. आमच्या गाडीची डिकी उघडली. आत पिशवीभर नवे पट्टे, पाने, कापडं, सगळं दुकान. मुलगी पाहायला निघालेला मुलगा! मी तिथेच त्याला चार ऐकवणार होते, पण तो डिकीपाशी हात पाठीमागे बांधून उभा होता.

"काहून थांबले?" तृप्तीने विचारलं.

"मी हात नाही लावू शकत," तो म्हणाला. "आईची शपथ आहे."

तृप्तीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मंग तुम्ही सांगा. हात मी लावतो."

आणि मग मी जे पाहिलं ते सांगायला मला आवडतं, मी ते भंडाऱ्यात दारोदार सांगितलं आहे. माझा भाऊ हात पाठीमागे धरून गाडीच्या दाराशी वाकलेला, आणि ती मुलगी आत वाकून, हातात पाना घेऊन. "खालचा बोल्ट आधी." "हा?" "नाही, त्याच्या बाजूचा. हाव." "लय घट्ट आहे." "उलट्या बाजूनं, उलट्या बाजूनं." "उलट्याच बाजूनं फिरवून राहिली!" पाहुण्यांना वाटलं ही काही शहराकडची नवी पद्धत असेल, मुलगा-मुलगी बोलायची. आतली चकरी बाहेर निघाली तर तिच्यात पिवळा जाड गोंद आणि बारा वर्षांचा कोंडा. भूपेंद्रने तो जवळून पाहिला, आणि तृप्तीने त्याला तसं पाहताना पाहिलं, आणि दोघेही एकदम दुसरीकडे पाहू लागले.

मागचा बोल्ट मात्र तिला हटेना. पाना घसरून तिची बोटं सोलली. भूपेंद्रचे हात पाठीमागे एकमेकांना पिळत होते. शेवटी तो माझ्याकडे वळला, आणि त्या क्षणी तो मला सात वर्षांचा दिसला. "ताई, सुटली म्हण ना!"

ज्याने शपथ घातली त्यानेच सुटली म्हणायचं असतं. "सुटली!" मी ओरडले. "सुटली, सुटली, सुटली! लाव हात!"

त्याने नव्या आभाळी शर्टाच्या बाह्या वर केल्या. तासाभरात चारही पट्टे नवे. तोवर पाहुण्यांनी आपापल्या गाड्या खळ्यात आणून रांग लावली होती. कुणाचा पट्टा उंदराने कुरतडलेला, कुणी पट्ट्याने बकरी बांधून आणलेली, एकाने तर पाठीमागेच कायमचा अडकवून टाकलेला, गाडीने टुंगटुंग वाजू नये म्हणून. भूपेंद्र एकेकाला झापत होता आणि लोक हसत हसत झापून घेत होते. तृप्ती त्याच्या बाजूला उभी राहून पट्ट्यांना झटके देत होती. "हा अडकला." "हा गेला."

मधेच गोमाजींनी पुन्हा पाखऱ्यात बसून पुन्हा पोहे मागितले. पुन्हा खळं, पुन्हा वीसचा वेग, पुन्हा ब्रेक. या वेळी पट्ट्याने खटकन धरलं. पोहे काचेवर गेले, गोमाजी जागच्या जागी.

"पोहे गेले," ते सगळ्यांना सांगत सुटले, "पण मी राह्यलो!"

एकच गोष्ट राहिली होती. भूपेंद्रचा नियम आहे, काढलेला पट्टा कापून टाकायचा, म्हणजे कुणी भंगारातून नेऊन दुसऱ्या गाडीला लावत नाही. त्याने कात्री काढली तशी गोमाजींनी जुने पट्टे छातीशी धरले. "हे नाही कापाचे."

भूपेंद्रने वाद घातला नाही. तो म्हणाला, "बाबाजी, तुम्ही ठेवान जपून. पण तुमच्यानंतर कोणाच्या हाती लागन, तो कोणाच्या पोरीच्या गाडीत लावन, कोणाले मालूम?"

गोमाजींनी पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला. मग सुलोचनाबाईंकडून विळा मागून घेतला, खळ्यात उकिडवे बसले आणि एकेक पट्टा स्वतःच्या हाताने कापला. पाखऱ्या गेला तेव्हा रडले नव्हते ते आज रडले, असं सुलोचनाबाई माझ्या कानात म्हणाल्या. त्या तेव्हा हसत नव्हत्या.

दिवस कलला. मंडईत नाटकाच्या भोंग्यावर नावं पुकारायला सुरुवात झाली होती, पण आमच्या विषयावर कुणी एक अक्षर काढेना. मामांनी दोनदा आडून विचारलं. गोमाजी दोन्ही वेळा "पाहू ना जी" म्हणाले आणि घरात निघून गेले. 'पाहू ना जी' मी याआधीही ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला पाठ होता. बापाला अंगणभर लोकांसमोर पोह्यात बुडवलं, त्याच्या हाताने त्याचा पाखऱ्या कापवला, आता मुलगी कोण देतो? भूपेंद्रला तेही कळलं होतं. तो हात धुवत होता, केव्हाचा धुवत होता, आणि घराच्या दाराकडे पाहत होता. शर्ट तेलकट, काळा.

"चल," मी म्हटलं. "अंधार पडन."

आम्ही गाडीपाशी पोहोचलो तेवढ्यात मागून हाक आली. गोमाजी लगबगीने येत होते. एका हातात पितळी वाटी, वाटीत कोमट तेल, हळद घातलेलं. दुसऱ्या हातात पळसाचं पान.

भूपेंद्र उडी मारून पाखऱ्याच्या दाराला आडवा झाला. "बाबाजी, नोका! हात जोडतो. नव्या पट्ट्याले तेल नोका लावू!"

"पट्ट्याले कोण लावते?" गोमाजी म्हणाले.

त्यांनी पान तेलात बुडवलं. भूपेंद्रच्या डाव्या खांद्यावर टेकवलं, शर्टावरूनच. मग उजव्या खांद्यावर. मग त्याच्या कानाशी वाकले, आणि कानाशी बोलले तरी तो आवाज बांधावरून हाक मारणाऱ्याचा, खळ्यापर्यंत ऐकू गेला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी मामांकडे पाहिलं. मामांनी टोपी काढली. सुलोचनाबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या, आणि त्यांच्या मागे दारात तृप्ती उभी होती, सोललेल्या बोटाला चिंधी बांधून. तिचे कान लाल झाले होते. भूपेंद्रला मात्र काहीच कळलं नव्हतं. तो दोन्ही खांद्यांकडे आळीपाळीने पाहत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हे कायचं जेवण आहे?"

"जू आहे, मूर्खा," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. "तुह्या मानेवर ठेवून राहिले. वाक जरा!"

तो वाकला, गोमाजींच्या पायांपर्यंत.

भंडाऱ्याला परतताना त्याने शर्ट काढून डिकीत ठेवला. तेल आमच्या पट्ट्याला लागलं असतं ना. माझा भाऊ, सानगडीचा जावई, बनियनवर पट्टा लावून, थंडीत कुडकुडत, अख्ख्या वाटेवर गात आला. त्याला गाता येत नाही. घरी पोहोचताच आईचा फोन आला, "पोहोचले का घरी?"

"पोहोचलो," मी म्हटलं, "पण उद्या परत जाऊन राहिलो. जेवाले."